शेपटीकाकांची रजा

इस्पितळाच्या औषध विभागामागे एक अरुंद खोली आहे. औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तिथे छापतात. त्या खोलीतल्या कारकुनाला सगळं इस्पितळ शेपटीकाका म्हणायचं, आणि त्यात चेष्टा निम्मीच होती. काका खरोखरच दिवसभर शेपट्या काढत बसायचे.

त्याचं असं होतं. तान्ह्या मुलांची काही औषधं मायक्रोग्रॅममध्ये देतात, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. त्याला एक चिन्ह आहे: इंग्रजी यू, आणि त्याच्या डाव्या पायाला खाली लोंबणारी शेपटी. काकांच्या जुन्यापुराण्या संगणकावर हे चिन्ह काही केल्या उमटत नसे. पूर्ण शब्द लिहावा तर बोटभर चिठ्ठीत मावायचा नाही. मग रीत पडली. आकडा टाइप करायचा, एक घर मोकळं सोडायचं, पुढे ग्रॅमचा जी. चिठ्ठी छापून आली की काका काळ्या पेनाने मोकळ्या घरात चिन्ह काढणार. रोज सव्वाशे-दीडशे चिठ्ठ्या. मोठ्या साहेबांची काही तक्रार नव्हती. काम होतंय ना, मग कशाला उगाच नसती उठाठेव.

काकांची बायको लवकर गेली. एकुलती एक लेक त्यांनीच वाढवली. वेण्या घालायला शिकले, तापात रात्र रात्र उशाशी बसले. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी चार दिवसांची रजा घेतली आणि पलीकडच्या टेबलावरच्या टाइपिस्ट बाईंना काम समजावून दिलं. शेवटी बजावलं, "मोकळं घर भरायला तेवढं विसरू नका."

काय भरायचं ते सांगायचं राहिलं. जी गोष्ट आपण रोज डोळे मिटून करतो ती दुसऱ्याला सांगावी लागते, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. बाईंनी मोकळं घर पाहिलं, पुढे जी पाहिला, आणि सुवाच्य अक्षरात एम भरला. सगळ्या चिठ्ठ्यांवर. इमानदारीने. मायक्रोचा मिलि झाला, म्हणजे हजारपट.

बालविभागातल्या एका नर्सने सुई भरता भरता आकडा पुन्हा वाचला, तिला शंका आली आणि तिने फोन केला. सगळ्या चिठ्ठ्या परत मागवल्या गेल्या, कुठल्याच बाळाला काही झालं नाही. पण लग्नाहून परतलेल्या काकांना हे कळलं तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. बाईंना ते एका शब्दाने बोलले नाहीत. चूक आपली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्यांनी रजा घेतली नाही. सात वर्षं.

मधे लेकीचं पहिलं बाळंतपण झालं. वीस तास कळा देत होती बिचारी, आणि वडील इकडे शेपट्या काढत होते. नातू दोन महिन्यांचा झाल्यावर एका रविवारी सकाळी गेले नि संध्याकाळी परतले. लेक भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या चिठ्ठ्यांना दुसरं कुणी वाली नाही का?" काकांना ते फार लागलं.

आता दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला उठायलाही मनाई केली. तिचा फोन आला. "या वेळी मी बोलावणार नाही. यायचं तर या."

काका साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "जा की. ढीगभर रजा शिल्लक आहे तुमची. बाई काढतील पेनाने."

बाई तिथेच उभ्या होत्या. "मी नाही काढणार," त्या म्हणाल्या. "तो पेन बघितला तरी मला ते बाळ आठवतं."

झालं. आता यंत्राकडूनच करून घेणं भाग होतं. काकांनी संगणक विभागातल्या मुलीला अक्षरशः हाताला धरून आणलं. तिने एक कळ दाबून धरली, दोनशे तीस आकडा मारला, आणि पडद्यावर चिन्ह हजर, शेपटीसकट. काका बघतच राहिले. कोपऱ्यातल्या प्रिंटरने मात्र त्याच जागी तिरका एफ छापला.

"पडद्याला जमलं, प्रिंटरला नाही," मुलगी म्हणाली.

"बाटलीला पडदा चिकटवत नाहीत," काका म्हणाले.

दोन दिवस ती फोनाफोनी करत होती आणि कुठूनसं मिळवलेलं पिवळं पडलेलं माहितीपुस्तक चाळत होती. तिसऱ्या दिवशी तिने प्रिंटर भिंतीपासून ओढला. मागे वर्षानुवर्षांची धूळ, आणि धुळीखाली तांदळाएवढ्या खटक्यांची एक रांग. त्यातला दुसरा, अक्षरांचा संच बदलणारा, तिने पेन्सिलीच्या टोकाने वर केला. पुढच्या चिठ्ठीवर चिन्ह आलं. एका खटक्यासाठी सात वर्षं. काकांना स्वतःचा असा राग आला की ते पाणी प्यायला बाहेर गेले.

परत आल्यावर त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून काढलं: कोणती कळ, कोणता आकडा, चिन्ह कसं दिसलं पाहिजे, आणि वेगळं काही छापलं तर चिठ्ठी सरळ फाडायची. बाईंकडून तीनदा वाचून घेतलं. मग पेन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पहिल्याच दिवशी दोनदा आत डोकावले. बाईंनी दटावलं, "काका, बसा बाहेर."

रोज संध्याकाळी ते भिंग घेऊन एकूण एक चिठ्ठी बघत. तीन दिवसांच्या चारशे अकरा चिठ्ठ्या. एकही चुकली नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी औषध विभागाच्या फोनवरून लेकीचा नंबर फिरवला.

"मी येतोय," ते म्हणाले. "महिनाभर राहतो."

"आणि चिठ्ठ्या?"

"छापल्या जातायत. मशीनच चिन्ह काढतं आता. माझ्यावाचून चालतंय इथे."

लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझं नाही चालत, बाबा. लवकर या."

काकांनी रजेच्या अर्जावर उभ्या उभ्याच सही केली.