कॅलेंडरकडे तोंड करून

लवंगेचा वास आला की मला पिपरी मेघे गावातले ते संगणकवाले आठवतात. गालात लवंग धरून ते फार हळू बोलत. माझा जुना संगणक बंद पडला तेव्हा आठ वर्षांच्या कविता त्यातच अडकल्या होत्या. त्यांनी त्यावर लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवली. पुढचे प्रत्येक अ‍ॅप मात्र मीच बसवायचे, असा त्यांचा हट्ट.

"मी काय रोज येऊन राह्यलो का, ताई? टाका पासवर्ड," असे म्हणत, हात पाठीशी बांधून, ते अदबीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळत.

लेखनाच्या अ‍ॅपपाशी मी पासवर्ड टाकू लागले, तर पडद्यावर एक ठिपकाही उमटेना.

"कीबोर्ड गेला वाटतं!"

"दिसत नाई, पण घेऊन राह्यला तो. बिनधास्त लिहा," ते कॅलेंडरलाच म्हणाले.

अ‍ॅप बसले. मी कवितांची फाइल उघडली आणि सगळ्या कविता, वेलांटीसुद्धा न दुखावता, समोर उभ्या राहिल्या. मी वाचतच गेले. बऱ्याच वेळाने लवंग दरवळली. ते अजून पाठमोरेच होते. महिन्याच्या साऱ्या तिथी एव्हाना त्यांना पाठ झाल्या असाव्यात. न वळताच त्यांनी विचारले,

"झालं?"