काकीचा राब आणि विमानाची धावपट्टी

लढाईच्या दिवसांत कडावजवळच्या आमच्या गावालगत, गायरानात, सैन्याने विमाने उतरण्यासाठी मुरमाची धावपट्टी केली होती. विमान क्वचित येई. आले की इतके खालून जाई की कौले हलत. घरे एकमेकींना खेटून होती. एका घरात वाटण वाटले की तीन घरांत त्याचा वास जाई.

ही धावपट्टी गावाच्या बाजूने लांबवायचे ठरले. मी तेव्हा कर्जतच्या बाजारात लोकांना अर्ज लिहून देत असे. त्यामुळे गावाचा विरोधाचा अर्जही मीच लिहिला. त्यात दोन मुद्दे होते : वस्ती जवळ आहे आणि जमीन भाताची आहे.

मोजणीच्या पहिल्या खुंट्या शेजारच्या काकीच्या शेतात ठोकल्या गेल्या. काकी विधवा, शेत तेवढे एकच. ते गेले असते तर तिला भात विकत घ्यावा लागला असता.

चैत्रात कचेरीतून निरोप आला. सैन्याचा गोरा साहेब पाहणीला येणार होता आणि त्याच वेळी एक विमान उतरवून पाहणार होते. पाटलांनी दवंडी दिली : त्या दिवशी कुणी राब भाजू नये.

भाताची रोपे करायच्या जागेवर शेण, झाडांच्या फांद्यांचे टहाळ आणि वाळल्या पानांचा पातेरा यांचे थर रचतात, वर माती पसरतात आणि पेटवतात. त्याला आमच्याकडे राब भाजणे म्हणतात. मातीमुळे जाळ कमी, धूर फार. साहेबाच्या डोळ्यांत धूर गेला तर तो चिडेल आणि अर्ज फेटाळेल, असा पाटलांचा हिशेब होता. मला तो पटला. अर्जात धुराबद्दल लिहावे हे मला सुचले नव्हते, गावातही कुणाला सुचले नाही. दरसालच्या धुराची अडचण कुणाला होईल, असे आम्हाला वाटतच नसे.

ठरल्या दिवशी साहेब कचेरीतला कारकून घेऊन आला. सगळे शिवार स्वच्छ होते. फक्त काकीच्या शेतातून धूर निघत होता आणि सरळ धावपट्टीवर जात होता. पाटील धावले. मी मागोमाग गेलो.

"वैनी, दवंडी आयकली नाय का? साहेब आलाय!"

"आयकली. पन वारा आज बरा हाय. उद्या घराकडं फिरला तर कौलांखाली तुमी झोपनार का?"

"अगं, साहेब लढाई करतोय!"

"करू दे की. मी भात करतंय."

एवढ्यात विमान आले. धुरावर एक घिरटी घातली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी अगदी खाली आले आणि वर उठून मुंबईच्या दिशेने निघून गेले. पाटलांनी डोक्यावरचे पागोटे काढून हातात घेतले.

साहेब खोकत काकीपाशी आला. कारकुनाने त्याचा प्रश्न मराठीत सांगितला, "हे किती दिवस चालतं?"

"व्हळी झाली की सुरू," काकी म्हणाली, "मिरग लागंपत्तूर."

"सगळ्या गावात?"

"सगळ्या मुलखात. आज ह्यांनी बंद ठेवलंय, तुमच्यासाठी."

पाटलांनी मान खाली घातली. साहेबाने वहीत काहीतरी लिहिले. पाहणी तिथेच संपली.

दुसऱ्या दिवसापासून गावाने राब भाजायला जी सुरुवात केली तशी मी पूर्वी पाहिली नव्हती. ज्यांचे आधी भाजून झाले होते त्यांनीही आणखी थोडा पातेरा गोळा केला. पाटलांचा धूर सर्वांत दाट होता.

पंधरवड्याने हुकूम आला : या बाजूचे वाढीव काम रद्द. मी तो काकीला वाचून दाखवला. तिने खुंट्या उपटून चुलीजवळ ठेवल्या आणि मला म्हणाली, "साहेबाला एक कागद लिव रं. इमान परत फिरलं, बरं नाय वाटत. म्हनावं, शिरावनात या, तवा धूर नसतो."

"श्रावणात शेतात गुडघाभर चिखल असतो, काकी."

"तेबी लिव," ती म्हणाली आणि बियाणे पाखडायला बसली.