मधाची बाटली

सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आज लॅबमध्ये रांगेत माझ्यापुढच्या आजींनी लघवी घरच्या बाटलीत आणली होती. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "आजी, यात आधी काय होतं?"

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका लॅबमध्ये मी हेच काम करायचो. तेव्हा सगळेच घरून बाटल्या आणायचे. बहात्तरच्या दुष्काळात जवळच्या वळसंग गावच्या एका बाईंच्या लघवीत भरपूर साखर निघाली. मी रिपोर्ट लिहिला, डॉक्टरांनी गोड बंद केलं, भात बंद केला.

चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. निम्म्या झाल्या होत्या. हातात तीच बाटली. बूच चिकट लागलं म्हणून मी विचारलं, तेही वैतागून.

"मधाची हाय की. नुसती इसळली, पानी कुटं हाय गावात?"

लॅबच्या स्वच्छ बाटलीत पुन्हा तपासलं. साखर नव्हतीच.

सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तवाच इचारलं असतं तर सांगितलं असतं की, सायेब. लेकीच्या लग्नात बी तोंड गोड केलं न्हाय मी."

तुमचा रिपोर्ट लिहिणाऱ्यानं तुम्हाला काय विचारलं होतं?