लिफ्टवाल्याची पट्टी

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं झाली. अख्ख्या भागात त्याला लिफ्टवाला म्हणूनच ओळखतात. खरं नाव विचारलं तर शेजारीसुद्धा डोकं खाजवतील. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलण्यात महाकंजूष. लिफ्टच्या तारेला नुसता हात लावून ती अजून किती चालेल ते सांगतो. आणि गिटार अशी वाजवतो की ऐकणारा हातातलं काम खाली ठेवतो. हे मी बहीण म्हणून कौतुकानं सांगत नाहीये. बहीण म्हणून मी त्याच्याशी जे वागले ते सांगायला बसलेय, आणि आत्ताच कान गरम व्हायला लागलेत.

आमच्या घरात गाणारी मी. तो वाजवणार, मी गाणार, हे लहानपणीच ठरून गेलं. कसं ठरलं तेही सांगते, लपवून काय करू? तो चौदा वर्षांचा होता, आवाज फुटत होता. घरी पाहुणे बसले होते आणि त्यानं हौसेनं एक गाणं सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. मी म्हटलं, "अरे, कुणीतरी त्या दाराला तेल घाला!" सगळे पोट धरधरून हसले. तोही हसला. पण त्यानंतर पस्तीस वर्षं त्यानं गाण्यासाठी म्हणून तोंड उघडलं नाही. मामाची जुनी गिटार मागून घेतली आणि तिच्यामागे जाऊन बसला.

त्या पस्तीस वर्षांत मी मात्र गाऊन घेतलं. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचं नवं घर असो, आम्हा दोघांना बोलावणं ठरलेलं. माझा आवाज चढा. म्हणून तो कॅपो नेहमी पाचव्या घरात लावायचा. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर आखलेल्या घरांत लावायचा चिमटा. वर सरकवला की गाण्याची पट्टी चढते, खाली आणला की उतरते. बोटं तीच, गाणं तेच, फक्त उंची बदलते. इतकं साधं आहे ते. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा अपराध त्या वीतभर जागेत घडलाय.

माझी भावजय नर्स. गेल्या वर्षी ती मुदतीआधीच निवृत्त व्हायची होती. हॉस्पिटलातल्या लोकांनी कॅन्टीनमध्येच छोटा समारंभ ठरवला आणि तिला विचारलं, तुम्हाला काय हवं? ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "मला तुमचं एक गाणं हवंय. वाजवणं नाही, गाणं. ताईंचा आवाज मी आयुष्यभर ऐकला. तुमचा एकदा तरी ऐकू दे ना." मी तिथंच बसले होते. मी हसून म्हटलं, "अगं बाई, त्याच्याकडून? चमत्कारच व्हायला हवा!" ती हसली नाही. तो पण नाही. पण तो तिला "बघतो" म्हणाला, आणि त्याच्या तोंडून "बघतो" म्हणजे वचनच.

आता गंमत ऐका. हा सरावाला कुठं बसला? सात मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. खाली "लिफ्ट बंद आहे" अशी पाटी लावून, दार आतून लावून गडी गायला लागला. लिफ्टचा बोगदा सगळे मजले उभा चिरत जातो, त्यात टाचणी पडली तरी सातही मजल्यांवर ऐकू येते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण लाजेनं माणसाची अक्कल जाते. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी वॉचमनला बोलावून सांगितलं, "लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलंय हो, केव्हाचं कण्हतंय बिचारं!"

हे त्यानं मला स्वतः सांगितलं. मी हसून हसून टेबलावर आडवी झाले. तो थांबला, मला हसू दिलं, आणि मग म्हणाला, "ताई, मला शिकव. तिला हो म्हणून बसलोय."

दुपारी दोन ते तीन माझं दुकान बंद असतं. मी कपडे अल्टर करते: कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करायची. त्या तासाला तो यायचा, हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायचा आणि इस्त्रीच्या टेबलासमोर स्टुलावर बसायचा. मी शिकवलं नाही असं नाही. श्वास पोटातून कसा घ्यायचा ते शिकवलं. ओठ फुरफुरवत सूर धरायला लावला. गाताना त्याचा उजवा हात अडखळायचा, म्हणून आधी नुसता ठोका धरून गाऊन घेतलं. त्यानं निमूटपणे सगळं केलं. घसा बसला तरी आला. गरम पाण्याची बाटली घेऊन आला.

पण गाणं काही केल्या जमेना. खालच्या सप्तकात धरलं तर घशातून नुसती हवा, वरच्या सप्तकात घेतलं तर चिरकणं. दुसरं कडवं वर चढतं, तिथं त्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. मी म्हणायचे, "जोर लाव, घाबरू नकोस." कॅपो पाचव्या घरात. माझ्या घरात.

मग एक दिवस तो कॅपो घरी विसरला. "आज तसंच करू?" म्हणाला. मी बटणं निवडत होते, "कर" म्हटलं. आणि तो गायला लागला.

देवाशप्पथ सांगते, माझ्या हातातली बटणं तशीच राहिली. मोकळा, भरदार, थोडासा खरखरीत आवाज. दुसऱ्या कडव्यावर मान ताठली नाही, शिरा फुगल्या नाहीत, सरळ चढून आला. आपल्याच पट्टीत गात होता माझा भाऊ, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदा. त्याचे डोळे मिटले होते. आणि मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता की नाही? हा असा गाणार असेल तर मला कोण बोलावणार? एवढाच विचार आला. दुसरा आलाच नाही.

गाणं संपलं. तो लाल होऊन म्हणाला, "ताई, आज सोपं गेलं, नाही?"

मी बटणांकडे बघत म्हटलं, "सोपं गेलं कारण ढिलं गेलं. या पट्टीत गाणं पडतं. उद्या कॅपो आण."

"बरं," म्हणाला. त्यानं माझ्यावर शंका घेतली नाही. गाण्यातलं ताईला कळतं, एवढीच त्याची समजूत. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलेय की कपडा दुसऱ्याच्या मापाचा असला तर कितीही भारी असो, अंगावर बसणार नाही. आणि सख्ख्या भावाला माझ्या मापाच्या कोटात कोंबून उभा केला मी.

समारंभाच्या दिवशी कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावली होती. पन्नासेक माणसं. भावजय पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला, कॅपो लावला. मी त्याच्या शेजारीच होते. अजूनही नुसतं वाकून "काढ तो" एवढं म्हणता आलं असतं. दोन शब्द. मी पाणी प्यायले.

पहिलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्याला तो वर चढला आणि आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. त्याचा हात थांबला. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, तू गा."

मी गायले. छान गायले. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. भावजयसुद्धा टाळ्या वाजवत होती, पण बघत होती त्याच्याकडे. बाहेर पडताना ती त्याचा दंड धरून हळूच म्हणाली, "मीच उगाच हट्ट केला. आता कधी म्हणणार नाही हं." मी मागून चालत होते, मला ऐकू आलं.

त्यानंतर तीन आठवडे तो दुकानाकडे फिरकला नाही. कळलं की गिटार कपाटावर गेलीय. मी शिवत होते आणि उसवत होते. एकाच पँटची शिलाई चार वेळा चुकली. शेवटी रविवारी सकाळी उठले आणि त्याच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसला होता. मी खुर्चीवर टेकलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. त्या दुपारचं सांगितलं, ढिलं म्हटलं ते खोटं होतं हे सांगितलं, का म्हटलं तेही सांगितलं. म्हटलं, "तुझा आवाज वाईट नव्हताच रे. मला माहीत होतं. समारंभातही माहीत होतं." वाटलं, आता ओरडेल, मिक्सर आपटेल. आपटला असता तर बरं झालं असतं.

त्यानं स्क्रू एका वाटीत गोळा केले. हात पुसले. स्टुलावर चढून कपाटावरची गिटार काढली, फडक्यानं धूळ पुसली, तारा लावल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, जरा येतेस?" ती ओल्या हातांनीच आली. त्यानं तिला समोर बसवलं. मीही खुर्ची ओढली.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, अगदी साधं बोलला.

"ताई, तू आता घरी जा. तू समोर असलीस की मला गाता येत नाही."

मी "हो रे" म्हटलं, पर्स उचलली आणि बाहेर येऊन दार माझ्यामागे लावून घेतलं.