कंपनीच्या शिष्यवृत्तीवरचे दिवस

एका खाण कंपनीच्या शिष्यवृत्तीवर मी पुण्याहून फोंडाघाटच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायला आलो, तेव्हा साठ साल जवळ आलं होतं. तिथल्या डोंगरात क्रोमाइटचं खनिज आहे का आणि असलं तर ते दगडात तयार कसं झालं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पहिल्या प्रश्नाशी कंपनीला मतलब होता, दुसऱ्याशी फक्त मला.

गावात मी ‘कंपनीवालो’. हातोडी घेऊन निघालो की देवळापुढचं बोलणं थांबायचं. तिकडे कॉलेजातल्या मित्रांनाही मी कंपनीचा झालो असंच वाटत होतं. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. एकदा मी दगडाशीच मोठ्याने बोलतोय हे लक्षात आलं आणि स्वतःचीच भीती वाटली.

मी राहायचो त्या घरची काकी एकटीच होती, मुलगा मुंबईला. जेवण वाढून ठेवायची, पण बोलणं कामापुरतं. तिच्या डोंगरात कंपनीने खोल भोकं पाडली, तिथे काहीच निघालं नाही. खनिज पलीकडच्या जमिनीत होतं. त्या जमिनीचा सौदा होईपर्यंत कुणाजवळ अक्षर काढायचं नाही, अशी मला ताकीद होती.

पावसाच्या तोंडावर काकी दारात येऊन उभी राहिली.

“रे झिला, डोंगरात काजी लावू काय नको? उद्या कंपनी खणूक इली तर?”

मी हातातल्या दगडावरची माती पुसू लागलो.

“तुका ठावक आसा. सांगूक मनाई आसा, होय मा?”

“काजू लावा, काकी,” मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि कुदळ घेऊन निघून गेली.

कंपनीचे साहेब जीपने आले, तेव्हा काकीला ‘काजू लावा’ म्हटल्याचं मीच त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत.

“संशोधन तुमचं असेल, माहिती आमची आहे,” एवढंच म्हणाले. दगडांच्या पेट्या आणि नकाशे जीपमध्ये चढले. शिष्यवृत्ती बंद झाली.

निघायच्या दिवशी माझं जेवण होईपर्यंत काकी पहिल्यांदाच समोर बसून राहिली.

पुढे घाटावरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवू लागलो. प्रबंध अर्धाच राहिला. ते खनिज दगडात कसं तयार झालं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तसं विचारायलाही कुणी येत नाही.