परवान्याची कोरी जागा

मी मुळातच भित्री. बँकेचं साधं पाकीट आलं तरी मी ते दोन दोन दिवस न फोडता ठेवते. किनवटच्या एका वसतिगृहातल्या शिक्षकांचा निरोप तीन आठवडे माझ्या नजरेतून सुटला, असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. निरोप आलेला मला त्याच दिवशी दिसला होता, मी तो उघडला नाही.

तेव्हा मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होते. जळकोटकडची, उदगीरकडची, कुठली कुठली मराठी माध्यमाची पोरं यायची आणि सरावाच्या इंग्रजी प्रश्नांपुढे हबकून बसायची. विषय येत होता, भाषा अडवत होती. त्यांच्यासाठी मी ब्राउझरचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. पडद्यावरच्या इंग्रजी शब्दावर बाण नेला की त्याचा मराठी अर्थ दिसे. शब्दांची यादी मी स्वतः भरली, वर्गाच्या मधल्या वेळात, चहा पीत. क्लासच्या संगणकांवर ते बसवलं. आठवड्याच्या चाचण्याही त्याच संगणकांवर होत, आणि त्या गुणांवरून पोरं वरच्या नाहीतर खालच्या तुकडीत जात.

एक्स्टेन्शनचा कोड मी इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. तिथे परवान्याची, म्हणजे हा कोड कुणी कसा वापरायचा ते सांगण्याची, जागा असते, ती कोरी सोडली. मला वाटलं, कोरी म्हणजे गायरान, ज्याला हवं त्यानं यावं. आणि खरं सांगायचं तर परवान्यांची ती यादी बघूनच मला धडकी भरली होती.

शेवटी एका दुपारी जीव मुठीत धरून तो निरोप उघडला. सरांनी लिहिलं होतं, "मॅडम, आपण स्पीडचा अर्थ वेग दिला आहे. पाठ्यपुस्तकात स्पीड म्हणजे चाल, आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग. मी तेवढं दुरुस्त करून आमच्या मुलांना देणार होतो. पण आपण परवाना लिहिलेला नाही. परवाना नसेल तर सगळे हक्क बनवणाऱ्याचे राहतात, दुसऱ्याने बदलून वाटायचं नसतं, असं कळलं. म्हणून हात लावला नाही. परवानगी द्यावी."

बोलताना आपण वेगच म्हणतो, गाडीचा वेग, वाऱ्याचा वेग. चाल म्हटलं की आठवते ती बैलाची. यादी भरताना मी बोलण्यातला शब्द टाकून मोकळी झाले होते, मी, भौतिकशास्त्राची बाई! एकाच चालीने वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूची दिशा सारखी बदलत असते, म्हणून तिचा वेग बदलतो, म्हणून तिला त्वरण असतं. पण प्रश्नातल्या स्पीडवर बाण नेऊन पोराला 'वेग कायम' असं दिसलं, तर ते त्वरण शून्य म्हणणार. त्या शब्दावरून त्याचं उत्तर बरोबरच असणार.

शब्द मी तिथल्या तिथे बदलला, मिनिटभराचं काम. मग परवाना निवडायला बसले आणि तीन दिवस नुसती बसूनच राहिले.

माझ्यापुढे दोन परवाने होते. पहिला आखूड आणि सैल. घ्या, बदला, हवं तर कोड झाकून, कुलूप लावून आपलं म्हणून चालवा, फक्त मूळ नाव आणि हा मजकूर राहू द्या. दुसरा लांबलचक. घ्या, बदला, पण पुढे कुणाला द्याल तेव्हा तुमचा बदललेला कोडही असाच उघडा द्या. दोन्हींत एक परिच्छेद मात्र सारखाच होता, ठळक अक्षरांतला. वस्तू आहे तशी दिली आहे, कसलीही हमी नाही, वापरून कुणाचं नुकसान झालं तर बनवणारा जबाबदार नाही. तो वाचून मला एकदम हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, याची मग फार भीती वाटली.

रविवारी एसटी धरून निलंग्याला घरी गेले. माझे आप्पा गवंडी होते, आता थकलेत. शब्दाची सगळी हकिकत त्यांना सांगितली आणि तो परिच्छेद मराठी करून ऐकवला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

"असं लिहून देता येतंय व्हय?"

"हाव. सगळेच देतेत, आप्पा."

"आन् तूबी तसंच देतीस?"

मी फोन पालथा ठेवला.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी बालवाडीत होते. त्यानंतर आप्पा कितीतरी दिवस कामावर गेले नाहीत, एवढंच मला आठवत होतं. दारात कुणी हाक मारली की ते आतल्या खोलीत जायचे आणि आई सांगायची, घरी न्हाईत. मला वाटायचं, त्यांना बरं नाही. खरं काय ते त्यांनी त्या रविवारी सांगितलं. ज्या गावांत घरं पडली, त्यांतल्या एका गावात त्यांनी भिंती रचल्या होत्या, दगडमातीच्या, तेव्हा सगळेच रचत तशा.

"वाटायचं, कुणीतरी ईल आन् इचारील, ही भित कुणी बांधली? लई भ्यालो, माय. वरीसभर भ्यालो. कुणीच आलं न्हाई." मग म्हणाले, "इचारायला माणूस तर उराय पायजे."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

सोमवारी सकाळी मी दुसरा परवाना लावला. कुलूप लावलेल्या नकलेत किनवटच्या सरांना तो शब्द दिसला तरी दुरुस्त करता आला नसता, एवढं मला कळलं होतं. हमी नसल्याचा परिच्छेद परवान्यातच असतो, तो राहिला. पण पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, मराठीत लिहिलं की अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत स्पीडचा अर्थ चुकीचा दिसत होता आणि ती चूक माझी आहे. सरांनाही कळवलं.

मग वर्गात सांगायचं ठरवलं. क्लासच्या संचालकांना कळलं तर नोकरी जाईल, पालक दारात येऊन उभे राहतील, असं काय काय डोक्यात येत होतं. खालच्या तुकडीचा तास होता. मी फळ्यावर चाल लिहिलं, वेग लिहिलं. आणि सांगितलं सगळं.

मग मधल्या बाकावरची जळकोटकडची एक मुलगी उभी राहिली. महिन्यापूर्वीपर्यंत ती वरच्या तुकडीत होती.

"मॅडम, तो गोल फिरायचा प्रश्न मला चाचणीत आलता. शाळंत आमच्या बाईनं चालच शिकवलं होतं. मी आधी बरोबर उत्तर दिलं होतं."

"मग?"

"मग तुमचा शब्द बघितला आन् बदललं," ती म्हणाली. "मला वाटलं, आमच्या बाईचंच चुकलं असंल."