लाइट येते म्हणाली

स्वतःच्या घरची लाइट स्वतःच्या हातानं घालवून समाधानानं बसणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो आमच्या शेजारी राहतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी चिप्सच्या कारखान्यात झाली. बटाट्याच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या. अमेरिकेच्या वाळवंटातल्या आमच्या चँडलरमध्ये उन्हानं रस्ते वितळतील, पण लाइट जायची नाही. काकांची लेक मात्र नवऱ्याबरोबर कीव्हला असते, आणि तिथं युद्धापायी तासन्‌तास अंधार असतो. ती लहान मुलांना शिकवते आणि मुलांना सोडून निघायला तयार नाही. ‘ये’ असं तिला कधीही म्हणायचं नाही, हे काकांनी स्वतःला बजावलंय. “एकदा म्हटलं आणि ती नाही म्हणाली, तर रोज फोनवर बोलायचं काय?”

म्हणून त्यांनी मदत नेणाऱ्या मंडळींबरोबर तिला सुटकेसएवढी बॅटरी पाठवली, आणि त्या बॅटरीची जुळी बहीण आपल्या हॉलमधल्या सोफ्यावर बसवली. पाहुण्यांनी खुर्चीवर बसावं. तिकडची लाइट गेली की काका बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडतात, पडदे ओढतात आणि एक दिवा नि राउटर बॅटरीवर लावतात. इकडची किती उतरली ते पाहिलं, की तिकडची किती उरली ते समजतं म्हणे. “तिलाच विचारा ना,” मी एकदा म्हटलं. “ती ‘आय ॲम फाइन, बाबा’ म्हणते. बॅटरीला खोटं बोलता येत नाही.” आतून काकूंचा आवाज आला, “अहो, फ्रिजमधलं श्रीखंड आंबलं!” काका शांतपणे म्हणाले, “नाही तरी दह्याचंच आहे ते.”

‘लाइट गेली’ म्हणायची मात्र त्या घरात बंदी आहे. “निघताना आपण ‘जातो’ म्हणतो का? ‘येतो’ म्हणतो. मग लाइटनं काय घोडं मारलंय?” लेकीनंही ते उचललं. ‘बाबा, लाइट येते म्हणाली’ असा तिचा मेसेज येतो. आपली सकाळ तेव्हा तिची संध्याकाळ असते. त्या एका दिव्यापाशी काकांजवळ बसलं की मलाही हळूहळू खिडकीबाहेर बर्फ पडतोय असं वाटायला लागतं, आणि दार उघडल्यावर ऊन अंगावर आलं की आपण कुठे आहोत ते क्षणभर कळत नाही.

गेल्या रविवारी मी पोहे खात बसलो असताना काकांची बॅटरी संपली. दिवा शांत झाला. काकांचा चेहरा पार उतरला. “तिचीही संपली असणार,” ते पुटपुटले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी घाईघाईनं स्पीकर लावला.

“बाबा, तुमचा राउटर डाउन का आहे? मी केव्हाची व्हिडिओ कॉल ट्राय करतेय!”

“तुझी बॅटरी संपली नाही?”

“नाही! अर्ध्याहून जास्त आहे. मी लॅम्प लावतच नाही ना, बाबा. तुमच्याशी बोलायला सेव्ह करते.”

इतके दिवस काका इकडे दिवा लावून तिचा उजेड मोजत होते, आणि ती तिकडे अंधारात बसून होती. मग बापलेक दोघंही अंधारात बोलत राहिले. तिच्या शाळेतली मुलं, मग काकूंचं श्रीखंड. शेवटी ती म्हणाली, “चला, येते, बाबा.”

एरवी काका यावर नुसतं ‘हं’ म्हणतात. त्या दिवशी ते म्हणाले, “ये.”

मेन स्विच लावायला निघालेल्या काकू दारातच थांबल्या. तिकडून ती हळूच म्हणाली, “हो, बाबा.”